मुळातला हिरवा उजेड

भर दुपारी बारा वाजता अंधारात जाऊन बसणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या तळघरात लेसरवर चालणारं सूक्ष्मदर्शक यंत्र आहे. ते सांभाळायचं, त्यावर काम करायला येणाऱ्यांना ते शिकवायचं आणि ज्यांना जमत नाही त्यांच्या वतीनं आपणच पाहायचं, एवढं माझ्याकडं असतं. खोलीला खिडकी नाही. दाराला जाड काळा पडदा आहे. वर रस्त्यावर ऊन मी म्हणत असतं आणि खाली मी स्वेटर घालून पडद्यावरच्या हिरव्या-निळ्या उजेडात बसलेली असते. बाहेर आले की पहिली पाच मिनिटं मला माणसं खरी वाटत नाहीत.

शाळेत आपण जो सूक्ष्मदर्शक पाहिलेला असतो त्यात सगळं एकदम दिसतं, आणि म्हणून नीट काहीच दिसत नाही. इथं तसं नाही. लेसरचा एक बारीक ठिपका नमुन्यावरून ओळीओळीनं फिरतो, औत तासातासानं जावं तसा. ठिपका जिथं पडेल तिथली जागा क्षणभर स्वतःच्या रंगात उजळते. तेवढा उजेड गोळा करायचा आणि लेसरचा मूळ रंग गाळून बाहेर ठेवायचा. कुठल्या रंगापासून कुठल्या रंगापर्यंतचा उजेड आत घ्यायचा, ही गाळणी लहान-मोठी करणं आपल्या हातात असतं. दुसरं आपल्या हातात असतं ते भिंगाचं चाक. एका वेळी एकच पातळी स्पष्ट दिसते, तिच्या वरचं आणि खालचं सगळं काळोखात जातं. चाक जरासं फिरवलं की आपण आणखी आत उतरतो. मला ते उतरणं फार आवडतं. विहिरीच्या पायऱ्या उतरताना जसा गारवा लागत जातो तसं काहीतरी अंगाला लागतं, पाय मात्र जागचे हललेले नसतात.

पण पातळी धरून ठेवणं सोपं नाही. एसीनं खोली गार होत गेली की धातू आकसतो आणि पाहता पाहता नमुना नजरेतून निसटतो. म्हणून यंत्रात आणखी एक उजेड आहे, तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. तो नमुन्यावरच्या काचेला लागून परत येतो, अंतर किती सुटलं ते सांगतो आणि भिंग आपोआप तेवढं सरकतं. चित्रात मात्र त्याला येऊ द्यायचं नसतं. मी शिकाऊ मुलांना सांगते, हा घरातल्या बाईसारखा आहे, सगळं जागच्या जागी ठेवतो आणि फोटोत कुठंच नसतो. मुली हसतात. मुलं वहीत लिहून घेतात.

माझं गाव घाटनांदूरच्या अलीकडं. आई आणि वडील दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते आणि त्या जोडीलाच आमच्याकडं कोयता म्हणतात. त्या सहा महिन्यांत मी शाळेच्या हंगामी वसतिगृहात असायची. वडील गेले तेव्हा आमचा कोयता मोडला. आई गावातच राहिली आणि आमची दोन एकर कोरडवाहू करू लागली. गुडघे तर कधीच कामातून गेले होते. तरी ती रब्बीला ज्वारी पेरायची, तिच्या आईकडून आलेल्या बियाण्याची, आणि ते बियाणं राखेत घोळून मडक्यात ठेवायची. शिकून पुण्याला गेल्यापासून मी तिला दर फोनला सांगत होते की शेती सोड, इकडं ये. ती दर फोनला म्हणायची, "येळवस झाली की बगू."

येळवस म्हणजे पौषाच्या तोंडावरची अमावस्या. आमच्या पट्ट्यात त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवतं. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, तिची पूजा करायची, आंबील आणि पालेभाज्या-शेंगांची भज्जी खायची आणि संध्याकाळी शेताला वळसा घालून यायचं. ज्वारी तेव्हा पोटरीत असते, म्हणजे कणीस अजून पानांच्या पोटात असतं. आई त्या दिवसांत शेतात मोठ्यानं बोलू द्यायची नाही.

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे ते सलग तिसरं कोरडं वर्ष होतं. गावची दूध संस्था बंद पडली होती, कारण जनावरं चारा-छावणीला गेली होती. जवळच्या सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर त्या हंगामात पेटलाच नव्हता. टँकर येईल त्या दिवशी अंघोळ, असा हिशेब होता. आणि अशा वर्षात आईच्या दोन एकरातली ज्वारी उभी होती. शेजारच्या बांधापलीकडची, बाजारच्या बियाण्याची, गुडघ्याएवढी होऊन करपली. आईची हिरवी होती. लोक मुद्दाम वाट वाकडी करून बघायला यायचे.

आमच्या शेजारच्या काकूंच्या डोक्यात कल्पना आली ती त्यावरून. काकू तोडीला जायच्या, पण त्यांच्यासारखी बोलणारी बाई पंचक्रोशीत नव्हती. उन्हाळ्यात परत आल्यावर त्यांनी तोडीच्या बारा घरांतल्या बारा बायका जमवून बियाण्याची सहकारी संस्था काढायचं ठरवलं. आईचं बियाणं सगळ्यांनी आपापल्या तुकड्यावर पेरायचं, राखायचं आणि संस्थेच्या नावानं विकायचं. दूध संस्थेची खोली रिकामीच होती. भिंतीला लावलेल्या रिकाम्या कॅनांवर बसून त्यांच्या बैठका व्हायच्या.

पण त्याच्या आधी, त्या येळवशीला, मी आईला एक काम सांगून बसले होते. आमच्या मॅडम, म्हणजे या यंत्राच्या विभागाच्या प्रमुख, कोरड्या जमिनीतल्या मुळांवर काम करत होत्या. मुळाच्या आत नळीसारखं एक वर्तुळ असतं. त्याच्या भिंती जाड असतील तर आत आलेलं पाणी सहजी बाहेर जात नाही. मी म्हटलं, आमच्या आईची ज्वारी बघू या की. आईला फोन केला, "एक ताट मुळासकट उपट, मुळं ओल्या फडक्यात गुंडाळ आणि एसटीच्या कंडक्टरकडं दे."

आई म्हणाली, "आत्ता? पोटरीत हाय गं ती."

"एकच ताट आई. एवढं काय त्याचं?"

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिवाजीनगरला जाऊन ते गाठोडं घेतलं. काळ्या मातीत बरबटलेली मुळं होती, जराशी पिवळट. ज्वारीचं जुनं मूळ तसंच दिसतं, त्यामुळं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पाण्यानं दोनदा धुतलं, पात्यानं चकत्या केल्या, काचेवर ठेवल्या, वर दुसरी काच ठेवली, आणि जांभळ्या लेसरचा ठिपका सोडला.

आजही डोळे मिटले की ते दिसतं. काळोखात आधी काहीच नव्हतं. मग मी चाक फिरवत खाली उतरले आणि एक हिरवं वर्तुळ हळूहळू वर आलं, तळ्यातून चंद्र वर यावा तसं. भिंतीन् भिंत उजळलेली. त्याच यंत्रावर मी शेकडो मुळं पाहिली होती. त्यांचा उजेड कसा फिका, निळसर, ओढून-ताणून आणलेला असतो. हे तर नुसतं तेवत होतं. मी किती वेळ बसले ते मला माहीत नाही. मला वाटत होतं, मी आईच्या शेताच्या आत, जमिनीच्या खाली बसले आहे आणि वर कुणीतरी हलक्या पावलानं चालतं आहे.

इथं माझी चूक सांगायला हवी, आणि ती सगळी माझीच आहे. मी गाळणी रुंद ठेवली होती. निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा सगळा उजेड एकाच टोपल्यात गोळा केला होता. तो कुणाकुणाचा आहे हे वेगळं करून पाहिलं नव्हतं. दुसरं मूळ शेजारी ठेवून पडताळलंही नव्हतं. मॅडम त्या आठवड्यात परगावी होत्या. मी मोबाइलवर त्या चित्राचा फोटो काढला आणि आईला पाठवला. खाली लिहिलं, 'हे बघ तुझ्या ज्वारीचं मूळ. म्हणून ती तगली.'

म्हणून, हा शब्द मी लिहिला. तो कुणी माझ्याकडून लिहून घेतला नव्हता.

मे महिन्यात गावी गेले तर दूध संस्थेच्या दारावर दहा फुटी फ्लेक्स. वर माझं हिरवं वर्तुळ, खाली गोल गोल चौकटींत बारा बायकांचे फोटो, पदर सावरून कॅमेऱ्याकडं रागानं पाहणाऱ्या. अंबाजोगाईच्या दुकानदारानं वर्तुळाच्या मागं किरणंसुद्धा काढली होती. मला हसू आवरेना. आईनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "हसतीस काय? तुज्या फोटूवर झालंय ह्ये."

खरंच माझ्या फोटोवर झालं होतं. त्याच दिवशीच्या बैठकीत काकू बोलल्या ते मी कानानं ऐकलं. "आजपातुर आपल्याला कुणी सांगितलं न्हवतं का ही ज्वारी कावून तगती. आता मशिनीनं सांगितलंय. आपल्या घरची पोरगी हाय मशिनीवर. यंदा मुकादमाला न्हाई म्हणून सांगायचं. बारा कोयते गावातच राहत्याल. बियाणं करू." बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीनं विचारलं, "आन न्हाई पिकलं तर?" काकूंनी फ्लेक्सकडं बोट दाखवलं.

बारा घरं यंदा ऊसतोडीला जाणार नव्हती. मला अभिमान वाटला. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अभिमानच वाटला होता.

पुण्याला परत आले ती आईचं मूठभर बियाणं घेऊन. संस्थेच्या आवारात कुंड्यांत पेरलं. मुळं तयार झाल्यावर कापून पाहिली, तर काहीच नाही. म्हणजे होतं, पण तेच फिकं निळं, सगळ्यांसारखं. आधी वाटलं पातळी चुकते आहे. मी भिंग वर नेलं, खाली नेलं, थरांमागून थर काढले. अंतर धरून ठेवणारा तो अदृश्य उजेड बिघडला की काय म्हणून त्याची तपासणी केली. तो आपलं काम चोख करत होता. मग वाटलं, कुंडीतल्या मुळाला कोरडेपणा सोसावा लागला नाही, म्हणून भिंती जाड झाल्या नसतील. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याला कारणांचा तोटा नसतो.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "आधीच्या मुळाच्या काचा आहेत ना? उजेड चाळून बघ." चाळून म्हणजे गाळणी अगदी अरुंद करायची आणि निळ्यापासून तांबड्यापर्यंत पायरी-पायरीनं सरकवत न्यायची. प्रत्येक पायरीवर किती उजेड आला त्याची रेघ निघते. प्रत्येक पदार्थाची रेघ वेगळी, माणसाच्या चालण्यासारखी, लांबूनही ओळखू येणारी. ज्वारीच्या भिंतींची रेघ मला तोंडपाठ होती. आईच्या मुळाची रेघ तशी नव्हती. ती हिरव्या-पिवळ्यात उंच चढून सावकाश उतरत होती. मॅडमनी रेघेवरून बोट फिरवलं. "हे मुळाचं नाही," त्या म्हणाल्या. "पण कुणाचं आहे?"

ते श्रावणाच्या शेवटी कळलं. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी पहिल्या मंगळागौरीची, हळदीकुंकवाची रजा संपवून कामावर आली होती. हातावरची मेंदी विटलेली, नखांच्या कडा अजून पिवळ्या. कंटाळा येतो म्हणून हातमोजे न घालता ती काच ठेवायची, आणि मी त्यावरून तिला नेहमी बोलायची. त्या दिवशीही बोलले. ती गेल्यावर मी काच पाहायला घेतली तर कडेला, नमुन्यापासून दूर, तिच्या बोटाचा ठसा तेवत होता. हिरवा. मी गाळणी अरुंद केली आणि पायरी-पायरीनं सरकवली. तीच रेघ, तिथंच चढणारी, तशीच सावकाश उतरणारी.

मी पडदा सारून बाहेर गेले आणि जिन्यातच आईला फोन लावला. माझा स्वभाव असा की मी आधी चिडते आणि मग विचारते.

"आई, त्या मुळांना हळद लावली होतीस तू?"

"मंग?" ती म्हणाली, जणू मी विचारलं होतं की मीठ घातलं होतंस का. "न लावता कशी पाठवू? पोटरीतली हुती ती. तेलात कालवून लावली चांगली. एवढ्या लांब चाललीवती."

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

"कावून गं? काई बिगडलं का?"

"नाही," मी म्हटलं. "काही नाही."

हळद पाण्यानं जात नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तेलातली हळद ओल्या फडक्यात एसटीत रात्रभर मुरली होती. मी नळाखाली दोनदा धरलं आणि स्वच्छ झालं म्हणून पुढं गेले. जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत कुठल्याही बाईला हे सुचलं नसतं तर चाललं असतं. मला सुचायला हवं होतं.

कारण ती हळद माझ्या ओळखीची होती. दिवाळीनंतर गावात ट्रक यायचा तेव्हा, निघायच्या आधी, आई मला जवळ ओढून कानामागं हळदीचं बोट लावायची. कपाळाला नाही, कारण वसतिगृहातल्या मुली चिडवायच्या. कानामागचं कुणाला दिसत नाही. ट्रक वळणापर्यंत दिसायचा, मग धूळ दिसायची, मग धूळही बसायची. मी आठ-आठ दिवस कानामागं पाणी लागू द्यायची नाही. रात्री बोट लावून वास घ्यायची. घर सोडून जाणाऱ्याला हळद लागते, एवढंच ते होतं. मी राहायची आणि ती जायची, तरी हळद मलाच लागायची, याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. आता वाटतं, तिच्या लेखी मीच परक्या जागी जात होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "आता हळद सगळ्यांना लाव आणि बघ." मी बाजारच्या बियाण्याचं मूळ घेतलं, तेलात हळद कालवली, लावली, ओल्या फडक्यात रात्रभर ठेवलं. सकाळी लेसरखाली धरलं. चाक फिरवत खाली गेले आणि काळोखातून हिरवं वर्तुळ वर आलं. तसंच. भिंतीन् भिंत उजळलेली. करपून जाणाऱ्या ज्वारीचं मूळ होतं ते. मी पाहत राहिले आणि मला रडू फुटलं. दिसायला इतकं सुंदर होतं ते.

त्यानंतर महिनाभर मी गप्प बसले. स्वतःला सांगत राहिले की ज्वारी तगली हे तर सगळ्या गावानं पाहिलं आहे, चित्र खोटं असेना का. पण बारा घरांनी मुकादमाला नाही म्हटलं होतं ते चित्र बघून. दसरा तोंडावर आला होता. ट्रक अजून भरायचे होते. सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं, नंतर सांगून कुणाच्या काही उपयोगाचं नव्हतं. मी रजा टाकली आणि एसटीत बसले.

बैठक बोलावली. बायका कॅनांवर बसल्या. मी उभी राहून सांगितलं. गाळणी, रेघ, बोटाचा ठसा, सगळं सांगितलं, पण सोपं करून. हळदीपाशी आले तेव्हा आईकडं बघायचं टाळलं. "तो उजेड ज्वारीचा नव्हता. हळदीचा होता. मी न तपासता तुम्हाला पाठवलं. चूक माझी आहे."

फ्लेक्स वाऱ्यानं दारावर आपटत होता.

काकूंनी विचारलं, "मंजी आपली ज्वारी वाईट हाय?"

"नाही काकू. ती तगली, ते खरंच आहे. ती का तगली ते मला माहीत नाही."

"का तगली ते आमाला काय करायचंय बाई," काकू म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "यंदा तगंल का, ते पायजे."

"ते मला सांगता येत नाही."

"मशिनीला?"

"मशीनलाही नाही."

काकू उठल्या आणि पदर खोचून बाहेर गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकेक करून बायका उठल्या. कुणी मला वेडंवाकडं बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी आई चुलीपुढं बसली होती. मी म्हटलं, "तुझी चूक नाही आई." ती म्हणाली, "व्हय. माजी कशाची?" मग भाकरी उलटली आणि म्हणाली, "पर तू मला फोनवर न्हाई म्हणलीस. काई बिगडलं न्हाई म्हणलीस. ते कावून?" मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

दिवाळीनंतर नऊ कोयते तोडीला गेले. काकूही गेल्या. तीन घरं राहिली. जाताना काकूंनी आपल्या वाट्याचं बियाणं आईकडं आणून दिलं आणि म्हणाल्या, "मडक्यात ठिवा. माजं म्हणून वायलं ठिवा." मला हे आईनं फोनवर सांगितलं. संस्था मोडली, असं कुणी म्हटलं नाही, आणि चालू आहे असंही कुणी म्हटलं नाही. फ्लेक्स मात्र आईनं काढून आणला. जाड आहे, वाया कशाला घालवायचा. तिनं तो कडब्याच्या गंजीवर टाकला आणि दगड ठेवले. पुढं मी गेले तेव्हा परसात माझं ते वर्तुळ किरणांसकट आभाळाकडं तोंड करून पडलं होतं आणि त्यावर चिमण्या बसल्या होत्या.

त्या वर्षी एकच पाऊस झाला, तोही उशिरा. आईची ज्वारी तगली, पण बुटकी. राहिलेल्या तीन घरांचं जेमतेम भागलं. गेलेल्यांनी राहायला हवं होतं असंही म्हणता येईना, आणि गेले ते बरं झालं असंही.

त्याच हंगामात, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला होता. "गाडीत दिलंय. दोन हायत. लाल चिंधीचं आपलं, पांढऱ्या चिंधीचं शेजारच्या शेतातलं." मी विचारलं नव्हतं. मला मागायचं धाडसच झालं नसतं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "हात धुऊन उपटलंय. हळद न्हाई लावली." आणि मग, "लई जड गेलं बग. तशीच धाडली, उघडी."

मी शिवाजीनगरला जाऊन दोन्ही गाठोडी घेतली. दुपारी खाली अंधारात बसले. या वेळी गाळणी अरुंद केली, अदृश्य उजेडाला पातळीवर पहारा करायला बसवलं आणि दोन्ही मुळं एकाच मापानं पाहिली. पडदा काळा. धीर धरून चाक फिरवत गेले, आणि बऱ्याच खोलात एक निळसर, फिकी, तुटक कडा दिसली. दोन्हींत होती. आईच्या मुळात जराशी जाड असेलही. जराशी असेलही, यावर कुणाला घरी थांब म्हणून सांगता येत नाही. अजून पुष्कळ मुळं पाहावी लागतील. मी वहीत तेवढंच लिहिलं. आईला काहीच पाठवलं नाही.

पाहून झालेला नमुना आमच्याकडं लाल डब्यात टाकतात. चकत्या टाकल्या. उरलेली दोन्ही ताटं तशीच टेबलावर होती, पोटात कणीस असलेली, पानं मिटलेली. मी वरच्या मजल्यावर चहाच्या खोलीत गेले, मसाल्याच्या डब्यातली चिमूटभर हळद घेतली आणि पाण्याच्या थेंबात कालवली. मग आवारात कुंड्यांपाशी बसून दोघींच्या कापलेल्या मुळांना लावली, आपलीला आणि शेजारचीला, आणि दोन्ही मातीत ठेवली. ती आता जगणार नव्हती. लावताना मी कुणाशी काही बोलले नाही.

मग खाली जाऊन हात साबणानं दोनदा धुतले, तेलानं पुसून पुन्हा एकदा धुतले, मोजे चढवले आणि पुढची काच ठेवली.